नाही म्हणणाऱ्यांचा सिनेमा

आजोबांचा जुना पासपोर्ट मागच्या दिवाळीत माळा आवरताना सापडला. सत्तरच्या दशकात ते मस्कतला फिटर म्हणून गेले होते, तेव्हा काढलेला. कव्हरचा रंग उडालेला, फोटोत आजोबा आत्ताच्या माझ्या वयाचे. आत एका पानावर, हा पासपोर्ट दक्षिण आफ्रिकेला जायला चालणार नाही, अशा अर्थाची ओळ होती. मी बाबांना विचारलं, हे काय?

"अगं, तेव्हा सगळ्यांच्याच पासपोर्टवर असायचं ते. वर्णभेद होता ना तिकडे. आपल्या सरकारचा बहिष्कार होता."

"मग आजोबांना काय वाटायचं त्याचं?"

"काय वाटणार? त्यांना कुठे जायचं होतं तिकडे!"

हे उत्तर डोक्यातून जाईना. विसाव्या शतकातल्या एका मोठ्या बहिष्कारात माझे आजोबा कागदोपत्री सामील होते, आणि त्यांना त्याची काडीची झळ लागली नव्हती. याला पाठिंबा म्हणायचं का? आणि नाही म्हणायचं, तर मग पाठिंबा म्हणजे नेमकं काय? हा प्रश्न घेऊन मी कॉनी फील्ड या अमेरिकन दिग्दर्शिकेची 'हॅव यू हर्ड फ्रॉम जोहान्सबर्ग' ही माहितीपट-मालिका बघायला घेतली. सात भाग, एकूण साधारण साडेआठ तास, २०१० साली पूर्ण झालेली. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाविरुद्ध त्या देशाबाहेर, जगभर जी चळवळ उभी राहिली तिचा हा इतिहास आहे. या विषयावर याहून तपशीलवार काम पडद्यावर माझ्या तरी पाहण्यात नाही. पण मालिका संपली तेव्हा भारावून गेल्यासारखं जितकं वाटलं तितकंच काहीतरी राहून गेल्यासारखंही वाटलं. त्या दोन्हीबद्दल लिहायचं आहे.

थोडी पार्श्वभूमी. १९४८ साली दक्षिण आफ्रिकेत नॅशनल पार्टी सत्तेवर आली आणि आधीपासून चालत आलेल्या भेदभावाला तिनं कायद्याची पक्की चौकट दिली. १९५० च्या कायद्यानं प्रत्येक माणसाची वंशानुसार नोंद सुरू झाली. १९५२ साली पासचा कायदा आला. त्याच्या नावात 'पास रद्द करणे' असे शब्द होते आणि प्रत्यक्षात त्यानं सगळे वेगवेगळे पास एकत्र करून एकच पासबुक आणलं. फोटो, बोटांचे ठसे, नोकरी कुणाकडे, कुठल्या शहरात राहायची परवानगी, सगळं त्या एका पुस्तकात. काळ्या माणसाला ते सतत जवळ बाळगावं लागे. नसलं की अटक. २१ मार्च १९६० ला शार्पव्हिलमध्ये याच पासच्या विरोधात जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि ६९ माणसं मेली.

हे पासबुक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

फील्डच्या मालिकेची रचना सरळ आहे. पहिला भाग १९४८ ते १९६४ या काळाचा. दुसऱ्यात ऑलिव्हर टांबो. १९६० मध्ये त्यांनी देश सोडला तो आफ्रिकन नॅशनल काँग्रेससाठी बाहेरून मदत उभी करायला, आणि परत आले ते थेट १९९० च्या डिसेंबरात. तीस वर्षं एक माणूस देशोदेशीच्या सरकारांची, चर्चची, विद्यार्थी संघटनांची दारं ठोठावतो आहे, ही गोष्ट नीट सांगितल्याबद्दल दिग्दर्शिकेचे आभार मानायला हवेत. आपल्याला मंडेला माहीत असतात. टांबो बहुतेकांना माहीत नसतात. तिसरा भाग १९७६ च्या सोवेटोच्या उठावानंतरच्या पिढीचा, चौथा खेळांवरच्या बहिष्काराचा, पाचवा अमेरिकेतल्या चळवळीचा, सहावा कंपन्या आणि बँकांविरुद्धच्या मोहिमांचा, आणि सातवा पुन्हा दक्षिण आफ्रिकेत येऊन मंडेलांच्या सुटकेपर्यंत पोचणारा.

मांडणी पारंपरिक आहे. जुनी चित्रफीत, मग खुर्चीत बसून बोलणारी म्हातारी माणसं, मग पुन्हा जुनी चित्रफीत. पण अशा विषयात या पद्धतीची एक अडचण आहे आणि तिथेच मला ही मालिका रंजक वाटली. कॅमेऱ्याला घडणारी गोष्ट लागते. मोर्चा, लाठीमार, मैदानात घुसलेले निदर्शक, संसदेतलं भाषण हे सगळं दाखवता येतं. बहिष्कार मात्र मुळात न करण्याची गोष्ट आहे. संत्रं विकत न घेणं, खातं न उघडणं, सामना न खेळणं, यंत्र न विकणं. न घडलेल्या गोष्टीचं शूटिंग कसं करणार? मालिकेतले बरेच भाग ही अडचण टाळतात. जिथे गर्दी आहे, घोषणा आहेत, प्रसिद्ध चेहरे आहेत तिथे कॅमेरा रेंगाळतो. त्यामुळे अमेरिकेवरचा पाचवा भाग वेगवान आणि रोमहर्षक आहे: राजदूतावासासमोरच्या अटका, काँग्रेसमधली लढाई, रेगननी वापरलेला नकाराधिकार आणि १९८६ साली काँग्रेसनं तो मोडून संमत केलेला निर्बंधांचा कायदा. बघताना टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. आपल्याला टाळ्या वाजवाव्याशा वाटतात तेव्हा आपण प्रेक्षक असतो, हे नंतर लक्षात येतं.

सहावा भाग तसा नाही. 'द बॉटम लाइन' असं त्याचं नाव आहे आणि माझ्या मते मालिकेचा तो सगळ्यात चांगला भाग आहे. मी इंजिनियर आहे म्हणूनही तो मला जास्त भिडला असेल, हे कबूल करते.

१९७० साली अमेरिकेत केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स इथे पोलरॉइड कंपनीत कॅरोलाइन हंटर ही तरुण काळी रसायनशास्त्रज्ञ काम करत होती. तिथेच केन विल्यम्स हा काळा छायाचित्रकार नोकरीला होता. एक दिवस दोघांना कंपनीतल्या एका बुलेटिन बोर्डवर ओळखपत्राचा नमुना दिसला. त्यावर दक्षिण आफ्रिकेच्या खाण खात्याचं नाव होतं. पोलरॉइड तेव्हा फोटोबरोबर आख्खं ओळखपत्र मिनिटभरात तयार करून देणारी यंत्रणा विकत असे. ही यंत्रणा दक्षिण आफ्रिकेत वापरली जाते, आणि पासबुकातले फोटो काढायलाही पोलरॉइडचा माल जातो, हे या दोघांनी शोधून काढलं. पोलरॉइड ६० सेकंदांत काळ्या माणसाला कैद करते, अशा अर्थाची पत्रकं त्यांनी कंपनीच्या आवारात लावली आणि सहकाऱ्यांना घेऊन कामगारांची एक छोटी संघटना काढली. मागणी साधी होती: दक्षिण आफ्रिकेतून बाहेर पडा.

पुढे जे झालं ते कुठल्याही कंपनीत काम केलेल्याला ओळखीचं वाटेल. पोलरॉइड वाईट कंपनी समजली जात नव्हती. उलट उदारमतवादी, काळ्या लोकांना नोकऱ्या देणारी, जरा पुढारलेली अशीच तिची ख्याती होती. कंपनीनं आधी आरोप नाकारला, मग समिती नेमली, मग कर्मचाऱ्यांचं एक पथक दक्षिण आफ्रिकेला पाठवलं. जानेवारी १९७१ मध्ये वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन 'प्रयोग' जाहीर केला. सरकारला माल विकणार नाही, पण देशात राहू; तिथल्या वितरकाच्या काळ्या कामगारांचे पगार सुधारू; काळ्या मुलांच्या शिक्षणाला पैसे देऊ. फेब्रुवारीत हंटरला काढून टाकलं. विल्यम्सनं त्याआधीच नोकरी सोडली होती. प्रयोग सहा वर्षं चालला. १९७७ साली उघड झालं, की फ्रँक अँड हिर्श ही वितरक कंपनी गुपचूप सरकारलाच माल पुरवत होती. ते उघड झालं त्याच कंपनीत काम केलेल्या इंद्रेस नायडू या माणसामुळे. भारतीय वंशाचा हा कार्यकर्ता रॉबेन बेटावर दहा वर्षं शिक्षा भोगून आलेला होता. त्या नोव्हेंबरात पोलरॉइडनं दक्षिण आफ्रिकेतला व्यवसाय बंद केला.

ही गोष्ट इतकी महत्त्वाची का वाटते? कारण यात पाठिंबा देणारा माणूस आणि अन्याय यांच्यातलं अंतर नाहीसं होतं. हंटर दक्षिण आफ्रिकेतल्या कुणा दुर्दैवी लोकांसाठी हळहळत नव्हती. तिच्या लक्षात आलं होतं, की ती ज्या कंपनीत रोज जाते तिथून निघालेली वस्तू त्या लोकांच्या खिशात जाऊन बसते. तिनं कुणाची बाजू घेण्याआधीच तिचा हात त्यात होता. तो काढून घेणं एवढंच तिच्यापुढे होतं, आणि त्याची किंमत होती नोकरी. मालिकेत ती हे कॅमेऱ्यासमोर सांगते तेव्हा दिग्दर्शिकेला बाकी काही करावं लागत नाही. न करण्याचं चित्रण करायचा बहुधा हाच मार्ग आहे: नाही म्हणणाऱ्याला समोर बसवायचं आणि त्याला तपशील विचारायचे.

पोलरॉइडनं जे केलं त्याचा साचा पुढे बराच चालला. १९७७ सालीच लिऑन सलिव्हन या पाद्रींनी अमेरिकन कंपन्यांसाठी आचारसंहिता मांडली. ते स्वतः काळे आणि जनरल मोटर्सच्या संचालक मंडळावर. दक्षिण आफ्रिकेत राहा, पण कारखान्यात भेदभाव करू नका, असा तिचा आशय. कंपन्यांना ती सोयीची होती. कॅन्टीन एक केलं की बाहेर कोण कुठल्या पासवर हिंडतो याची जबाबदारी संपली. दहा वर्षांनी, १९८७ मध्ये, सलिव्हन यांनी स्वतःच ही वाट सोडली आणि कंपन्यांनी बाहेर पडावं असं सांगितलं. या माणसाकडे मालिका खलनायक म्हणून बघत नाही, हे मला आवडलं. आतून सुधारता येईल, असं मानणारी प्रामाणिक माणसंही असतात आणि त्यांना चूक कळायला दहा वर्षं लागू शकतात.

माझ्या धंद्याचा उल्लेखही इथे करायला हवा. पासबुकांच्या मागची नोंदणी हळूहळू संगणकांवर गेली. १९८२ साली अमेरिकेतल्या क्वेकर पंथीयांच्या सेवासंस्थेनं 'ऑटोमेटिंग अपार्थाइड' नावाचं पुस्तक काढलं. कुठल्या कंपन्यांचे संगणक वर्णभेदाच्या सरकारकडे पोचले आहेत याचा तो लेखाजोखा होता. आयबीएमचे होते, ब्रिटिश आयसीएलचे होते. ते प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना आपण काय करतो आहोत असं वाटत असेल? मला वाटतं, बहुतेकांना आपण रेकॉर्ड ठेवतो आहोत एवढंच वाटत असणार. रकान्यांमध्ये एक रकाना वंशाचा.

याच जातीची दुसरी गोष्ट आयर्लंडमधली आहे. तिच्यावर सिनेड ओब्रायनचा 'ब्लड फ्रूट' हा वेगळा माहितीपट आहे, २०१४ सालचा. १९ जुलै १९८४ ला डब्लिनमधल्या डन्स स्टोअर्सच्या दुकानात मेरी मॅनिंग या २१ वर्षांच्या कॅशियरनं दक्षिण आफ्रिकेतल्या फळांचं बिल करायला नकार दिला. युनियननं तसा आदेश काढला होता. तिला निलंबित केलं, तिचे सहकारी बाहेर पडले, आणि संप जवळजवळ तीन वर्षं चालला. आठवड्याला २१ पौंड संप-भत्ता. १९८७ साली आयर्लंडनं दक्षिण आफ्रिकेतून येणाऱ्या फळं-भाज्यांवर बंदी घातली.

यातला सगळ्यात मोलाचा तपशील मला हा वाटतो, की सुरुवातीला या मुलींना वर्णभेदाबद्दल फारसं काही माहीत नव्हतं. त्या स्वतःच तसं सांगतात. आदेश युनियनचा होता आणि मॅनेजर त्रास देत होते, म्हणून त्या अडून बसल्या. निम्रॉद सेजाके नावाचा दक्षिण आफ्रिकेतून परागंदा झालेला कामगार नेता त्यांच्या धरण्यावर येऊन उभा राहायला लागला. त्याच्याकडून त्यांना कळलं की आपण कशासाठी उभ्या आहोत. आधी वाचन, मग जाणीव, मग कृती, असा आपला एक समज असतो. इथे कृती आधी आली आणि जाणीव नंतर. आमच्यासारखी, सगळं वाचलेली आणि काहीच न सोडलेली माणसं हे बघून अस्वस्थ झाली नाहीत तरच नवल.

आता फील्डच्या मालिकेबद्दलच्या तक्रारी.

पहिली तक्रार वजनाची. सात भागांत अमेरिकेला एक आख्खा भाग आहे, खेळांना एक आहे, कंपन्यांना एक आहे. झांबिया, टांझानिया, मोझांबिक, अंगोला, बोत्स्वाना या शेजारी देशांना स्वतंत्र भाग नाही. या देशांनी आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या लोकांना आसरा दिला आणि त्याची किंमत रक्तानं मोजली. जानेवारी १९८१ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या सैन्यानं मोझांबिकमधल्या माटोलावर हल्ला केला, जून १९८५ मध्ये बोत्स्वानाच्या राजधानीवर. रूथ फर्स्ट या लेखिका-कार्यकर्तीला १९८२ साली मापुटोत टपालातून बॉम्ब पाठवून मारलं. ज्यांना सर्वाधिक झळ बसली त्यांच्या वाट्याला सर्वांत कमी मिनिटं, हा हिशेब काही बरोबर नाही. यामागचं कारण समजू शकतं. चित्रफितींचे साठे पश्चिमेत आहेत, पैसेही तिथलेच. पण कारण समजलं म्हणून परिणाम बदलत नाही. मालिका पाहून उठलेल्याला वाटू शकतं, की वर्णभेद मुख्यतः न्यूयॉर्क, लंडन आणि स्टॉकहोममधल्या भल्या लोकांनी संपवला.

दुसरी तक्रार याच्याशी जोडलेली आहे. १९८५ च्या जुलैअखेर चेस मॅनहॅटन बँकेनं दक्षिण आफ्रिकेच्या कर्जांची मुदत वाढवायला नकार दिला आणि तिथलं सरकार आर्थिक संकटात सापडलं. वर्षानुवर्षं बँकांविरुद्ध निदर्शनं करणाऱ्यांचा यात वाटा होताच. पण बँकेला अचानक सद्बुद्धी झाली असं कुणी समजू नये. दक्षिण आफ्रिकेतल्या वस्त्या पेटलेल्या होत्या, आणीबाणी लागली होती, पैसे बुडायची भीती होती. ती भीती तिथल्या रस्त्यावर उतरलेल्या पोरांनी निर्माण केली होती. बाहेरचा पाठिंबा आतल्या लढ्याला जोडला जातो तेव्हा त्याचं वजन होतं. त्याच्या जागी तो येऊ शकत नाही. मालिकेचा शेवटचा भाग हे काही प्रमाणात भरून काढतो, पण तोवर सहा भाग बाहेरच्यांचे होऊन गेलेले असतात.

तिसरी तक्रार मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ही मालिका जिंकल्यानंतर बनवलेली आहे. बोलणाऱ्या प्रत्येकाला शेवट माहीत आहे, बघणाऱ्यालाही. त्यामुळे सगळी वाटचाल त्या शेवटाकडेच निघाली होती असं वाटत राहतं. हंटरला १९७१ साली नोकरी गेली तेव्हा शेवट माहीत नव्हता. मंडेला सुटले ते त्यानंतर १९ वर्षांनी. ती अनिश्चितता जिंकून झालेल्या मुलाखतीत दाखवणं अवघड असतं.

ती कुठे दिसते? न्यूझीलंडच्या मेराटा मीटा या माओरी दिग्दर्शिकेच्या 'पाटू!' या माहितीपटात. तो १९८३ साली आला, म्हणजे काय होणार हे कुणालाच माहीत नसताना. १९८१ च्या हिवाळ्यात दक्षिण आफ्रिकेचा रग्बी संघ न्यूझीलंडच्या दौऱ्यावर आला आणि देश उभा दुभंगला. २५ जुलैला हॅमिल्टनमध्ये निदर्शक मैदानात घुसले आणि सामना रद्द करावा लागला. १२ सप्टेंबरला ऑकलंडमध्ये शेवटच्या सामन्यावर छोट्या विमानातून पिठाच्या पुड्या टाकल्या गेल्या. फील्डच्या खेळांवरच्या भागातही हा दौरा येतो, एका विजयाचा टप्पा म्हणून. मीटाच्या फिल्ममध्ये तो टप्पा नाही. तिथे हेल्मेट घातलेली साधी माणसं आहेत, पोलिसांचे लांब दंडुके आहेत, आणि आपल्याच शेजाऱ्याचा द्वेष बघून आलेला गोंधळ आहे.

शिवाय त्यात एक प्रश्न आहे, जो फील्डच्या साडेआठ तासांत मला इतक्या टोकदारपणे कुठे भेटला नाही. माओरी कार्यकर्ते आपल्या गोऱ्या साथीदारांना विचारतात: हजारो मैलांवरच्या काळ्या लोकांसाठी तुम्ही मार खायला तयार आहात, मग आमच्या जमिनी गेल्या तेव्हा तुम्ही कुठे होता? मीटाला हा प्रश्न विचारायचा अधिकार होता. त्याआधी तिनं बॅस्टियन पॉइंटवर फिल्म केली होती. तिथे माओरींनी आपल्या जमिनीवर ५०६ दिवस ठाण मांडलं आणि १९७८ च्या मे महिन्यात पोलीस आणि लष्कर आणून त्यांना हटवण्यात आलं. 'पाटू!' या प्रश्नाचं सोपं उत्तर देत नाही. दूरचा पाठिंबा ढोंग आहे असं ती म्हणत नाही. त्या मोर्च्यांमध्ये माओरीही होतेच. ती फक्त प्रश्न मोर्च्याच्या मधोमध ठेवते आणि कॅमेरा चालू ठेवते.

हा प्रश्न ऐकल्यावर मला पुन्हा आजोबांच्या पासपोर्टची आठवण झाली.

भारताचा या इतिहासातला वाटा खरोखर मोठा आहे. जून १९४६ मध्ये, स्वातंत्र्य मिळायच्याही आधी, भारतानं दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांकडे नेला आणि पाठोपाठ दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला. असं करणारा तो पहिला देश. तेव्हा भारताच्या निर्यातीपैकी सुमारे ५ टक्के माल तिकडे जात होता, म्हणजे ही किंमत फुकटची नव्हती. १९७४ साली भारताच्या टेनिस संघानं पुण्यात सोव्हिएत संघाला हरवून डेव्हिस कपची अंतिम फेरी गाठली. समोर दक्षिण आफ्रिका होती. भारत खेळला नाही. कप न खेळता दक्षिण आफ्रिकेला मिळाला. अमृतराज बंधूंच्या ऐन उमेदीतली ती संधी होती. न खेळलेला तो सामना हा आपल्या क्रीडा इतिहासातला एक फार चांगला सामना आहे, असं मला वाटतं.

दक्षिण आफ्रिकेनं १९४६ साली भारताला दिलेलं उत्तर असं होतं: हा आमच्या देशाचा अंतर्गत प्रश्न आहे, संयुक्त राष्ट्रांनी यात पडू नये. भारतानं ते मानलं नाही आणि आमसभेनंही मानलं नाही.

त्याच वर्षी, त्याच सुमारास, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना एक छोटं पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या संघटनेनं संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचं त्यांनी वाचलं होतं. अस्पृश्यांची स्थिती त्यांच्यासारखीच आहे, आम्हीही तसं करायच्या विचारात आहोत, त्या अर्जाच्या प्रती मिळतील का, अशी विचारणा त्या पत्रात होती. डु बॉइसनी सहानुभूतीचं उत्तर पाठवलं. म्हणजे १९४६ च्या त्या काही आठवड्यांत इथून दोन प्रश्न जगापुढे निघाले होते. एक सरकारी शिष्टमंडळाबरोबर गेला आणि गाजला. दुसरा एका पत्रात राहिला.

तो पुन्हा वर आला २००१ साली, आणि तेही दक्षिण आफ्रिकेतच. वर्णभेद संपलेल्या त्या देशात, डरबनला, वंशवादाविरुद्ध संयुक्त राष्ट्रांची जागतिक परिषद भरली. दलित संघटना मोठ्या संख्येनं तिथे गेल्या. जन्मावरून होणारा भेदभाव म्हणून जातीचा उल्लेख ठरावात यावा, एवढी त्यांची मागणी होती. भारत सरकारनं विरोध केला. जात म्हणजे वंश नव्हे, आमची राज्यघटना हा प्रश्न हाताळायला समर्थ आहे, बाहेरच्यांचं यात काम नाही, अशी ती भूमिका. जात आणि वंश एक नाहीत, हे समाजशास्त्रात वाद घालण्यासारखं आहे. पण या युक्तिवादाचा सांगाडा आपण ५५ वर्षांपूर्वी दुसऱ्याच्या तोंडून ऐकला होता आणि फेटाळला होता, हे आपल्या लक्षात कसं आलं नाही?

दूरच्या अन्यायाला नाही म्हणणं खोटं असतं, असं मला म्हणायचं नाही. डेव्हिस कप सोडणं खरं होतं, १९४६ ची व्यापारबंदी खरी होती. पण जिथे आपला हात गुंतलेला नाही तिथला नकार आणि जिथे गुंतलेला आहे तिथला नकार, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फील्डची मालिका या दोन्हींना एकाच माळेत ओवते आणि सगळ्यांना सारखीच दाद देते. पोलरॉइडचा भाग बघताना फरक दिसतो, पण मालिका तिथे थांबून तो नाव घेऊन सांगत नाही.

मला तो दिसला, कारण माझा स्वतःचा एक हिशेब बाकी आहे.

दोन वर्षांपूर्वी मी एका कंपनीत होते. आमच्या टीमकडे सफाई कामगारांच्या हजेरीचं ॲप होतं. क्लायंट म्हणजे ठेकेदार कंपनी. कामगाराच्या फोनवरून त्याची जागा कळणार, त्याला नेमून दिलेल्या हद्दीच्या तो बाहेर गेला आणि ठरावीक मिनिटांत परत आला नाही, तर अर्ध्या दिवसाचा खाडा. हद्द आखायचा कोड माझा होता. चाचणीच्या वेळी एका मुकादमानं फोन केला. बायकांचे खाडे जास्त लागत होते. कारण सोपं होतं: हद्दीत मुतारी नव्हती, त्या बाहेर जात होत्या. मी टिकेट उघडलं, सकाळच्या मीटिंगमध्ये सांगितलं. क्लायंटनं मागितलेलं नाही, पुढच्या रिलीजमध्ये बघू, असं ठरलं. चाचणीच्या डेटात नावं खरीच होती. त्या यादीतली आडनावं वाचून, हे काम या शहरात कुणाच्या वाट्याला येतं ते कुणालाही कळलं असतं. वंशाचा रकाना आमच्या टेबलात नव्हता. त्याची गरजच नव्हती.

मी काय केलं? प्रोजेक्ट बदलून मागितलं. ते मिळालं. नंतर नोकरीही बदलली, पण ती पगारासाठी. पत्रक लावलं नाही, कुणाला सांगितलं नाही, कुणी मला काढलं नाही. आजोबांसारखीच मीही कुठलीच झळ न लागता बाजूला झाले. फरक एवढाच, की आजोबांचा तिकडे खरोखरच काही संबंध नव्हता.

हे कबुलीजबाब म्हणून लिहीत नाही. त्यानं कुणाचा खाडा भरून निघणार नाही. एखाद्या कलाकृतीची परीक्षा ती आपल्याला कुठे नेऊन सोडते यावरून करायची असेल, तर हे सांगणं भाग आहे. फील्डच्या मालिकेनं मला सात भागांत जग फिरवून आणलं, आणि त्यातल्या एकाच भागानं मला माझ्या जुन्या डेस्कवर नेऊन बसवलं. मालिका जरूर बघा. साडेआठ तास नसतील तर सहावा भाग आधी बघा, आणि त्यानंतर 'पाटू!' मिळवून बघाच. त्या दोन्ही एकमेकींशेजारी ठेवल्या की कळतं, आपण इतिहासात बरोबर बाजूला होतो हे समाधान किती स्वस्त असू शकतं, आणि आपला हात कशात आहे हे शोधणं किती महाग.

परवा जुन्या टीममधल्या एका मित्राला मेसेज करून विचारलं. ॲप आता दुसऱ्या दोन शहरांत चालू आहे. आणि ते टिकेट?

"कुठलं?" त्यानं विचारलं. मग शोधून सांगितलं, "हो गं, ओपनच आहे अजून. तुझ्याच नावावर."